बोटभर कमी

आपाचा बाण मासा झालाय.
धनुष्यातून सुटतो आणि शेपूट हलवत
डावी-उजवी, डावी-उजवी,
ऊरा गावच्या वाऱ्यात पोहत जातो,
निशाणाच्या फळीपासून चार हात डावीकडं
बटाट्याच्या वाफ्यात रुततो.

पलीकडच्या गावचे तिरंदाज नाचतात,
गाण्यातून विचारतात: ल्हाटू वांगदी,
फळी शेजारी लग्नाला गेली काय रे?
रिवाजच आहे, राग धरायचा नसतो.
आपा हसतो. घरी येऊन हसत नाही.

पहिल्या रात्री दोष पिसांना.
एक उंदरानं कुरतडलेलं निघालं.
तिन्ही सोलून नवी चिकटवली,
तर मासा नव्या पंखांनी पोहला.

मग दोष दोरीला.
खाजऱ्या झुडपाच्या वाखाची दोरी, हिवाळ्यात सैलावलेली.
धनुष्याच्या पोटापासून मूठ आणि उभा अंगठा
एवढं अंतर हवं; अंगठा आडवाच बसत होता.
पीळ चढवला.
बाण निघताना शांत निघाला,
आणि अर्ध्या वाटेत काहीतरी आठवल्यासारखा
पुन्हा डुलू लागला.

मग खाच. दोरीला चावून बसते म्हणून कानशीनं घासली.
मग वारा. मग लोण्याचा दिवा लावून देव.
मग माझ्याकडं न बघता:
"परवा धनुष्याला कुणी हात तर लावला नाही ना?"
बाईचा हात लागला की धनुष्य रुसतं, असं आमच्याकडं मानतात.
मी चुलीत लाकूड सारलं.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

मला धनुष्य ओढता येत नाही. बघता येतं.
छपरावर सलगमाची पानं वाळत घालताना
अख्खं मैदान दिसतं.
पूर्वी ओढ पुरी झाली की
लोखंडी टोक धनुष्याला येऊन टेकायचं.
आता बोटभर बाहेर राहतं.

हिवाळ्यात याकनं धडक दिली, खांदा निखळला.
वैद्यानं बसवला, म्हणाला, झालं बरं.
आपानंही तेच गावभर सांगितलं,
एका खांद्याला सोडून.

बोटभर ओढ कमी, तेवढा जोर कमी.
बाण मात्र जुन्या खांद्याच्या मापाचे,
ताठ.
सुटताना जो किंचित वाकत नाही
त्याला धनुष्याच्या अंगाला वळसा घालता येत नाही;
अंगावर आपटतो, बाजूला फेकला जातो.
पाणी इथं मुरत होतं.

पण सांगणार कोण?
तसलं वाक्य आमच्या घरात
अजून कुणी बोललेलं नाही.

सामन्याच्या आदल्या रात्री पुरुष घरी झोपत नाहीत.
आपा देवळाकडं गेला. मी भात्यातले दोन बाण काढले.
काचेच्या तुकड्यानं खरवडले,
केसाएवढे, फिरवत, फिरवत,
दोन ओंडक्यांवर आडवे ठेवून
मधोमध लोण्याची पुडी टांगून पाहिलं: किती वाकतो?
अजून थोडं. अजून.
भुसा चुलीत टाकला.
सकाळी भाऊ जांबे भाता घेऊन गेला,
ते दोन सगळ्यांत वर.

आपानं ओढलं. टोक बोटभर बाहेरच.
सोडला.
बाणानं एकदा अंग झटकलं आणि मग गप्प झाला,
ओळखीच्या घरी निघाल्यासारखा सरळ गेला.
फळीला लागला नाही. वीतभर चुकला.
पलीकडचे नाचायला उठले,
पण चिडवायचं गाणं कुणाला चटकन सुचेना.
आपा हात तसाच धरून
बराच वेळ उभा.

रात्री कुट्टूची धिरडी खाल्ली, बर्फ यंदा लवकर पडेल म्हणाला.
फळ्यांच्या फटीत चिमूटभर भुसा राहिला होता.
नखानं उचलला, नाकाशी नेला,
परत होता तिथं ठेवला.

सकाळी चुलीपाशी
उरलेले सहा बाण.
शेजारी माझा काचेचा तुकडा,
एका धारेवर
जुन्या घोच्या कापडाची चिंधी
घट्ट गुंडाळलेली.